यंत्रमानव, विद्यार्थी आणि ज्ञानाची देवघेव



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी आम्हांला गणित शिकवीत. एखाद्याचे उदाहरण सुटले की त्याला ते फळ्याशी बोलावीत आणि रीत सर्वांना समजावून सांगायला लावीत. वही हाताने झाकून बसणाऱ्या मुलाचा त्यांना मनस्वी राग येई. तो मुलगा बहुधा मीच असे. म्हणून आज साहित्यावर न बोलता थोड्या वेगळ्या विषयावर बोलण्याची परवानगी मी मागितली. शाळेत यंदा यंत्रमानव बांधण्याचा वर्ग सुरू झाला आहे, हेही एक निमित्त.

२०२३ च्या मार्च महिन्यात मी अमेरिकेत, मिशिगन राज्यात, मुलाकडे होतो. नात तेथील हायस्कुलाच्या यंत्रमानव-संघात होती. ‘फर्स्ट’ या संस्थेची ही स्पर्धा. डीन केमन या संशोधकाने १९८९ मध्ये संस्था काढली. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात पहिली स्पर्धा झाली तेव्हा संघ होते २८. आज ते हजारोंनी मोजावे लागतात. दरवर्षी जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो आणि काही आठवड्यांत मुलांनी यंत्र उभे करायचे असते. त्या वर्षी पिवळे शंकू आणि जांभळे घन उचलून मांडणीवर ठेवायचे आणि एका डगमगत्या फलाटावर चढून तोल सांभाळायचा, असा खेळ होता. सामना अडीच मिनिटांचा. त्यातली पहिली १५ सेकंदे यंत्राने माणसाच्या हाताविना, आधी लिहून दिलेल्या आज्ञावलीवरच चालायचे.

मी मैदानापेक्षा मागच्या दुरुस्तीच्या गाळ्यांतच अधिक रमलो. सामन्याला वीस मिनिटे उरली असता नातीच्या यंत्रातील मोटर चालवणारा एक भाग जळाला. ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली की अमुक क्रमांकाच्या संघाला अमुक वस्तू हवी आहे. पाच मिनिटांच्या आत तिघेजण ती घेऊन हजर! त्यांतला एक मुलगा तर पुढच्याच सामन्यातील प्रतिपक्षाचा. त्याने वस्तू दिलीच, शिवाय जमिनीवर मांडी ठोकून तारांची जोडणीही तपासून दिली. मी नातीला हळूच विचारले, “अगं, हा तुमच्याविरुद्धच खेळणार ना?” ती म्हणाली, “हो आजोबा, पण उद्या निवडीच्या वेळी कदाचित तेच आम्हांला घेतील.”

याचा उलगडा मला संध्याकाळी झाला. तेथे एकटा संघ एकट्याशी लढत नाही; तीन संघांची युती दुसऱ्या तिघांशी खेळते आणि दर सामन्याला युती बदलते. अंतिम फेरीसाठी आघाडीचे संघ आपापले साथीदार निवडतात. शिवाय त्या वर्षी एक गमतीचा नियम होता. दोन्ही युतींनी आपापल्या मांडणीच्या मधल्या सामाईक भागात किमान तीन-तीन वस्तू ठेवल्या, तर एका जादा गुणासाठी लागणाऱ्या पाच साखळ्यांऐवजी चार पुरत. म्हणजे सौजन्याला नियमांचाही टेकू होता. मला यात उणे वाटत नाही. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स (ते २०१९ मध्ये निवर्तले) यांनी या वृत्तीला ‘ग्रेशस प्रोफेशनॅलिझम’ असे नाव दिले होते. जिद्दीने स्पर्धा करावी आणि तरीही दुसऱ्याचा मान राखावा, असा त्याचा आशय. नुसत्या उपदेशाने मुले सुधारत नाहीत, हे त्या मंडळींनी ओळखले होते असे दिसते.

वस्तू उसनी देणे तसे सोपे. विद्या देणे अवघड. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील २५४ क्रमांकाचा संघ एकाहून अधिक वेळा जगज्जेता ठरला आहे, आणि तो आपल्या यंत्राची आज्ञावली सर्वांसाठी खुली करतो. नातीच्या संघानेही फलाटावर तोल सांभाळण्याची आज्ञावली दुसऱ्या एका संघाकडून घेतली होती. माझ्यातला परीक्षक लगेच जागा झाला. ही कॉपीच नव्हे का? नातीने सांगितले ते असे : उसनी आज्ञावली घालताच त्यांचे यंत्र फलाट ओलांडून पलीकडे उतरले. त्यांच्या यंत्राचे वजन वेगळे, चाके वेगळी. प्रत्येक ओळ समजून घेऊन आकडे बदलीपर्यंत चार संध्याकाळी गेल्या. नंतर त्यांनी आपली सुधारलेली प्रत, मूळ संघाचे नाव वर लिहून, पुढच्या दोघांना दिली. आपले जुने लेखनिक पोथी उतरवताना क्वचितच इतके चौकस असत. पाठभेदांनी हैराण झालेला माणूस हे बोलतो आहे!

विद्येला कुलूप घालण्याची परंपरा आपल्याकडेही आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले. त्याला त्यांची कारणे होती. पण ‘लीळाचरित्रा’सारखे आद्य गद्य त्यामुळे शतकानुशतके पंथाबाहेरच्या वाचकाला दिसले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी संकेत उलगडला, तेव्हा मराठी वाङ्मयेतिहासाची सुरुवातच नव्याने मांडावी लागली. आणि आपल्या बडोद्यात १८९० मध्ये कलाभवन निघाले, तेव्हा बापाकडून मुलाला मिळणारी कारागिरी फळ्यावर आली. ही दोन्ही उदाहरणे मी वर्षानुवर्षे वर्गात मोठ्या आवेशाने सांगत आलो.

स्वतः मात्र वेगळा वागलो. पीएच.डी.चे काम चालू असता एका खेड्यातील घरी मला एका संतकवीच्या पदांचे हस्तलिखित बाड मिळाले. त्याच कवीच्या पदांचे संपादन करणाऱ्या एका ज्येष्ठ अभ्यासकांनी मला पत्र लिहून विचारले, काही नवे हाती लागले आहे काय? “शोध चालू आहे,” असे मोघम उत्तर मी धाडले. आधी माझा प्रबंध, मग इतर, असा हिशेब होता. प्रबंधाला चार वर्षे लागली. तोवर त्यांचे पुस्तक त्या बाडातील ३१ पदांविना छापून झाले, आणि दुसरी आवृत्ती निघण्यापूर्वी ते वारले. मला पदवी मिळाली. मूळ बाड पुढे वाळवीने खाल्ले. उरली ती माझ्या वहीतील नक्कल, आणि तीत मला न लागलेल्या शब्दांच्या जागा कोऱ्या आहेत. त्या जुन्या वळणाचे अक्षर त्यांना सहज लागत असे. नातीच्या गाळ्यात, जमिनीवर बसलेल्या त्या मुलाकडे पाहताना मला त्या कोऱ्या जागा आठवत होत्या.

ती वही मी आज सोबत आणली आहे. मुख्याध्यापकांच्या अनुमतीने ती शाळेच्या ग्रंथालयात ठेवीत आहे. कोऱ्या जागा तशाच आहेत. ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावी. एखादा शब्द लागला, तर समासात पेन्सिलीने लिहून ठेवावा.