कयाकची पाठ



घरी बांधलेली कयाक वसई-विरारच्या किनाऱ्यावर अजून अपूर्वाईची वस्तू आहे. अर्नाळ्याला किंवा पाचूबंदरला ती खांद्यावरून खाली उतरवली की आधी पोरं गोळा होतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "इंजिन कुठाय?" मग जाळं सांधत बसलेला एखादा जाणता तांडेल मान वर करतो आणि विचारतो, "उलटली तर धरशील कशाला?" आज मी बोलणार आहे ते या दुसऱ्या प्रश्नाविषयी.

कयाक म्हणजे पाच-साडेपाच मीटर लांब, जेमतेम सव्वा हात रुंद, वरून बंद असलेली एका माणसाची नाव. हौशी माणूस ती बांधतो कशी? चार-पाच मिलीमीटरच्या मरीन प्लायच्या पट्ट्या कापायच्या, कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेनं टाके घालायचे, सांधे इपॉक्सीनं भरायचे आणि वरून काचेच्या धाग्यांचं कापड चढवायचं. ब्रिटनमध्ये १९६३ साली 'मिरर' नावाची शिडाची छोटी होडी निघाली आणि तिच्यामुळे ही पद्धत घरोघरी गेली. आपल्या किनाऱ्याला मात्र शिवलेल्या नावेचं नवल नाही. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून बेतलेलं, काथ्याच्या दोरीनं फळ्या शिवून गोव्यात बांधलेलं 'कौंडिण्य' २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झालं. आणि आमची आगाशी? सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ती लुटली-जाळली, तेव्हा तिची ख्याती जहाजं बांधणारं बंदर अशीच होती.

असो. सांगाडा उभा राहिला, रंग चढला, की बांधणाऱ्याला वाटतं काम झालं. माझ्या मते खरं डोकं चालवायचं काम तिथून पुढे आहे. डेकवर दोऱ्या कुठे घ्यायच्या, आत काय ठेवायचं, वर काय ठेवायचं, आणि वर काय अजिबात ठेवायचं नाही.

उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची कयाक पाहिली तर तिच्या पाठीवर सीलच्या कातड्याचे पट्टे आडवे ताणलेले दिसतात. त्यांत भाला, हत्यारं, दोराची वेटोळी अडकवलेली असत. शिकाऱ्याला हत्यार हाताशीच हवं होतं, म्हणून ते वर. आपण शिकारीला जात नाही. तरीही हौशी लोक डेकवर जाळीदार पिशव्या, बाटल्या, चपला, छत्रीसुद्धा बांधतात. डेक म्हणजे घरातला माळा नव्हे. वरच्या प्रत्येक वस्तूला वारा लागतो, लाट लागते, आणि नाव उलटल्यावर तुम्ही परत चढू बघता तेव्हा नेमकी तीच पोटाखाली येते.

डेकवरचा पहिला दोर सामानासाठी नसतोच. तो पाण्यात पडलेल्या माणसासाठी असतो. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत, दोन्ही कडांनी फिरवलेला सहा मिलीमीटरचा न ताणणारा दोर. दर दोन-तीन फुटांवर तो पट्टीच्या फासातून ओवलेला असावा. इतका घट्ट की लोंबणार नाही आणि इतका सैल की ओली, गारठलेली बोटं त्याच्याखाली शिरतील. उलटलेली कयाक ओल्या कलिंगडासारखी असते, हात लावाल तिथून निसटते. त्यात वारा असला तर रिकामी नाव पोहणाऱ्या माणसापेक्षा वेगानं पळते. त्या घडीला हातात हा दोर असेल तर नाव तुमची. इथे कधीही लवचिक रबरी दोरी वापरू नये. ती हातात येते, पण नाव जागच्या जागी राहते आणि दोरी नुसतीच लांबते.

दोर आणायला लांब जायला नको. मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानांत सगळे प्रकार मिळतात. मात्र निवडताना थोडं थांबावं. पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त, पाण्यावर तरंगणारा, पण आपल्या उन्हात त्याचे तंतू सुटायला लागतात आणि मग तो तळहाताला कुसासारखा टोचतो. नायलॉन मजबूत, पण ओला झाला की सैलावतो. पॉलिस्टर थोडा महाग पडतो, तरी उन्हाला टिकतो आणि ताण धरून राहतो. मी तोच सुचवीन.

फास बसवायला डेकला भोकं पाडावी लागतात आणि घरच्या कारागिराची घाई इथेच नडते. भोक पाडलं, बोल्ट घातला, आवळला, झालं! पुढच्या मोसमापर्यंत त्या भोकाच्या कडेनं पाणी प्लायच्या पदरांत झिरपतं, प्लाय फुगतो आणि बोल्ट हलायला लागतो. त्यावर जुना उपाय आहे. हवं त्याहून मोठं भोक पाडायचं, ते इपॉक्सीनं पूर्ण भरायचं, वाळू द्यायचं, आणि त्या भरीव ठिपक्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडायचं. आतून रुंद वायसर घालायचा. बोल्ट ३१६ जातीच्या स्टेनलेसचा घ्यावा. खाऱ्या हवेत ३०४वर लवकर तांबूस डाग धरतात.

दोन्ही टोकांना धरायला मुठी हव्यात. तिथे नुसता दोराचा फास नको, दोरात ओवलेली लाकडाची किंवा पाइपची आडवी मूठ हवी. किनाऱ्याच्या फुटत्या लाटेत नाव गरकन फिरते. बोटं फासात असली तर फास पिळतो आणि बोटंही पिळतात. मूठ हातातल्या हातात फिरते. ओहोटीला पाचूबंदरपासून भुईगावकडे चिखल किती लांब उघडा पडतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या मुठींचा दुसरा उपयोग सांगायला नको.

आता रबरी दोरी. तिची जागा आहे, पण थोडी. बसण्याच्या खोबणीसमोर एक फुली, त्यात नकाशा आणि पाणी उपसायचा हातपंप. मागच्या बाजूला दोन आडव्या ओळी, त्यात दोन तुकड्यांचं जादा वल्हं. वल्ह्याच्या पात्यावर चढवायची हवेची पिशवीही तिथेच, कारण पाण्यातून परत चढताना तीच आधार देते. बस्स. आपल्या समुद्रात आणखी एक कारण आहे. इथे डोल जाळी लागतात, त्यांचे खुंट असतात, दोर असतात, तरंगत ठेवलेले प्लास्टिकचे कॅन असतात. डेकवरून लोंबणारा एखादा आकडा त्यात अडकला आणि ओहोटीची ओढ जोरात असली, तर नाव आडवी व्हायला वेळ लागत नाही. म्हणून सगळी टोकं कापून, वितळवून, आत वळवलेली असावीत. आणि अंगावरच्या जॅकेटला बोथट टोकाची सुरी. जाळं मात्र दुसऱ्याच्या पोटाचं आहे, सुरी आधी आपल्या दोरावर चालवावी.

आत काय? पायांच्या पुढे एक आणि पाठीमागे एक अशा दोन आडभिंती घातल्या की पुढे-मागे हवाबंद कप्पे तयार होतात. सामान त्यांत राहतं, पण त्यांचं पहिलं काम नाव तरंगती ठेवणं हेच. कप्पे नसले तर उलटलेल्या कयाकमध्ये अडीच-तीनशे लिटर पाणी शिरू शकतं, आणि तेवढ्या किलोंची नाव एका माणसाच्यानं सरळ होत नाही. प्रत्येक आडभिंतीला वरच्या बाजूला टाचणीएवढं, दोनेक मिलीमीटरचं भोक ठेवावं. हवाबंद कप्प्याला भोक पाडायचं हे ऐकायला वेडगळ वाटतं. पण एप्रिलच्या उन्हात वाळूवर तापलेल्या कप्प्यातली हवा फुगते, झाकण उडवते किंवा सांधा उकलते. तीच नाव गार पाण्यात लोटली की आतली हवा आक्रसते आणि झाकणाच्या कडेनं पाणी ओढून घेते. त्या बारीक भोकानं दोन्ही टळतं.

झाकणाखाली रबराची पट्टी आणि वरून पट्टा, एवढं पुरतं. तरी कुठल्याच झाकणावर पूर्ण विश्वास टाकू नये. कपडे, फोन, औषधं रुंद तोंडाच्या फिरकीच्या बरण्यांत ठेवावी आणि झाकण दोरीनं नावेला बांधावं, नाहीतर पहिल्याच उलथापालथीत ते डहाणूच्या दिशेनं निघून जातं.

वजन लावायचं ते तळाशी आणि मधोमध. पिण्याचं पाणी सर्वांत जड, म्हणून ते बैठकीच्या लगेच मागे. टोकांकडे हलकं सामान. मागे वजन वाढलं तर नाळ वाऱ्यापासून पळते, पुढे वाढलं तर सारखी वाऱ्यात घुसते, आणि मग सगळा वेळ एकाच बाजूनं वल्हं मारावं लागतं.

ऑस्कर श्पेक नावाचा एक जर्मन तरुण १९३२ साली डॅन्यूब नदीत घडीची कयाक लोटून निघाला आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून पुढे जात १९३९च्या सप्टेंबरात ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. तोवर महायुद्ध पेटलं होतं. शत्रूचा नागरिक म्हणून त्याला थेट स्थानबद्ध केलं. त्याची नाव दोघांची होती. दुसऱ्या माणसाची जागा त्यानं सामानाला दिली, आणि मला ही त्याची सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. अलीकडचं उदाहरण मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांचं. २०१५ साली ते मुंबईहून गोव्याला कयाकनं गेले आणि पुढच्या मोठ्या सफरीत द्वारकेहून कन्याकुमारीपर्यंत. म्हणजे आपल्या अर्नाळ्या-वसईच्या समोरूनच.

हाताशी काय ठेवायचं हे वाराच ठरवतो. सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहतो, माणूस आरामात बाहेर जातो. दुपारनंतर खारा वारा उठतो आणि पाणी चढतं. वसईच्या खाडीच्या मुखाशी किंवा वैतरणेच्या तोंडाशी ओहोटी आणि वारा समोरासमोर आले की लाट उभी होते. तेव्हा आतला कप्पा उघडता येत नाही. म्हणून शिटी, दिवा, पाण्याची बाटली आणि काहीतरी गोड हे बैठकीतच. भरतीचा हिशोब जुन्यांना तोंडपाठ आहे : तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. छापील कोष्टक अधिक नेमकं, पण हे गणित भिजत नाही.

नावेच्या आत, न पुसणाऱ्या शाईनं, आपलं नाव आणि घरचा फोन लिहून ठेवावा. शेजारी तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. २००८च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर या किनाऱ्यावर बेवारशी सापडलेली कुठलीही नाव ही चौकशीची बाब असते. निघण्याआधी सागरी पोलीस ठाण्यात आणि धक्क्यावर सांगून जावं. धक्क्यावर तर आधी.

मग सगळं भरून, बांधून, भरतीच्या शांत, कमरेएवढ्या पाण्यात, सोबत एक माणूस घेऊन ती मुद्दाम उलटवावी. काय तरंगत गेलं, काय लोंबलं, चढताना पोटाला काय टोचलं, ते तिथे कळतं. जे टोचलं ते काढून टाकावं. बहुतेकांच्या डेकवरचं निम्मं सामान या एका दुपारीच घरी परत जातं.

१ जूनला मासेमारी बंद होते, तेव्हा कयाकही वर घ्यावी. गोड्या पाण्यानं धुवावी, झाकणं उघडी ठेवावी, रबरी दोऱ्या सोडून सावलीत टांगाव्या, कारण ताणलेलं रबर लवकर मरतं. कडेचा दोर बोटांनी चाचपत पूर्ण फिरवून पाहावा. कुठे खरखरीत लागला तर तेवढाच तुकडा बदलू नये, सगळा दोर नवा घालावा. नारळी पौर्णिमेआधी कोळीवाड्यात सगळेच जाळ्या-दोरांचं काम घेऊन बसलेले असतात. तिथे जाऊन बसावं, दोर दाखवावा आणि गाठ कुठली मारायची ते विचारावं.