दोन वर्षांचा कोर्स आणि प्रयोगशाळेतली नोकरी

(युवक शिबिरात ऑनलाइन केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, जीवशास्त्र हा माझा विषय नाही. तरीही आज मॉलिक्युलर बायोटेक्नॉलॉजीवर बोलतोय, कारण माझी पत्नी ती शिकली, आणि सुरुवातीला तिच्या वाटेत मीच आडवा आलो होतो.

आम्ही कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतो. तिने कोकणातल्या कॉलेजातून सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केलं. मग लग्न, परदेश, दोन मुलं. आठ वर्षं गेली. एके दिवशी म्हणाली, "इथल्या कम्युनिटी कॉलेजात बायोटेकचा कोर्स आहे, वर्ग संध्याकाळी असतात." मी म्हणालो, "त्यापेक्षा सॉफ्टवेअर टेस्टिंग शिक, मी कुठेतरी लावून देतो." ती म्हणाली, "तुम्हाला आवडतं ते मलाही आवडलंच पाहिजे का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज म्हणजे सर्वांसाठी उघडं असलेलं सरकारी कॉलेज. प्रवेशपरीक्षा नाही, वयाची अट नाही. दोन वर्षांची असोसिएट पदवी किंवा त्याहून छोटं प्रमाणपत्र मिळतं. कॅलिफोर्नियातल्या रहिवाशांना फी प्रति युनिट 46 डॉलर, म्हणजे विद्यापीठाच्या मानाने फारच कमी.

या भागात हा कोर्स का चालतो? जेनेन्टेक ही कंपनी 1976 मध्ये इथेच सुरू झाली. तोपर्यंत मधुमेहाच्या रुग्णांना डुकराच्या आणि गायीच्या स्वादुपिंडातून काढलेलं इन्शुलिन टोचावं लागे. मुसलमान रुग्णांपुढे तो नाजूक प्रश्न होता. या लोकांनी माणसाचा इन्शुलिनचा जीन जिवाणूत घातला आणि जिवाणूंकडून मानवी इन्शुलिन बनवून घेतलं. 1982 मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. तुमच्या आजीच्या फ्रीजमधली बाटली बहुधा याच विद्येतून आलेली आहे.

असं औषध कारखान्यात रोज बनवायला फक्त पीएच.डी. झालेले लोक पुरत नाहीत. हात बसलेले तंत्रज्ञ लागतात. कम्युनिटी कॉलेज ते घडवतं. मायक्रोलिटरमध्ये अचूक मोजणं, द्रावणं बनवणं, पेशी वाढवणं, प्रथिनं शुद्ध करणं. पीसीआर, ज्यात 30 फेऱ्यांत डीएनएच्या एका तुकड्याच्या शंभर कोटींहून जास्त प्रती होऊ शकतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नोंद ठेवणं. चूक झाली तर खोडरबर चालत नाही. एक रेघ मारायची, सही करायची, तारीख घालायची. जे लिहिलं नाही, ते केलंच नाही असं धरतात. मला ही सवय फार आवडली. अमानत सांभाळणं म्हणजे आणखी काय असतं?

आता नोकरीचं खरं सांगतो. माझ्या ग्रीन कार्डच्या अर्जाचा एक टप्पा मंजूर झालेला असल्याने तिला कामाची परवानगी होती. पहिली नोकरी कंत्राटी मिळाली, रात्रपाळीची. डोक्यापासून पायापर्यंत झाकणारे कपडे घालून बारा तास उभं राहायचं. मुलांचा डबा करायला मी तेव्हा शिकलो. वर्षभराने ती कायम झाली. पण तिच्याकडे बी.एस्सी. आधीपासून होती, हे विसरू नका. नुसत्या प्रमाणपत्रावर आत जाता येतं, वर चढायला पुढे पदवी लागते. आणि या धंद्यात कर्मचारीकपातही होते.

म्हणून सावध करतो. हे ऐकून कुणी कर्ज काढून इथल्या कम्युनिटी कॉलेजात यायचं ठरवू नका. बाहेरच्या विद्यार्थ्यांची फी कित्येक पट असते. असोसिएट पदवीनंतर कामाची मुभा जास्तीत जास्त बारा महिने मिळते. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणारी 24 महिन्यांची वाढ बॅचलर किंवा त्यावरच्या पदवीलाच आहे. एच-वन-बी व्हिसालाही साधारणपणे बॅचलर पदवी लागते. एजंट हे सांगेलच असं नाही.

मग तुमच्यासाठी यात काय आहे? पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटसारखी मोठी लस कंपनी आहे, मुंबईत हाफकिन आहे. बी.एस्सी. किंवा बी.व्होक.ला प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा: पीसीआर मशीन आहे का? ते विद्यार्थी स्वतः चालवतात की काचेतून बघतात? आठवड्याला प्रयोगशाळेचे तास किती? इंटर्नशिप कुठे मिळते? मागच्या वर्षीची मुलं आज काय करतात? गुळमुळीत उत्तरं मिळाली, तर दुसरं कॉलेज बघा.

आणि भावांनो, एक तुमच्यासाठी. घरात बहीण किंवा पत्नी म्हणाली की मला पुढे शिकायचंय, तर तिला पर्याय सुचवण्याआधी एवढंच विचारा, "वर्ग किती वाजता असतो? तेवढा वेळ घर मी बघतो." मी हे उशिरा शिकलो. तुम्ही लवकर शिका.