वेठ कुणीं मोडली ?
(जव्हार येथें शेतकरी-मजुरांपुढें केलेलें भाषण)



दिवाळी झाली कीं जव्हार-मोखाड्याचे पाडे ओस पडतात. उचल घेऊन माणसें वीटभट्ट्यांवर जातात. म्हणून आज जुन्या वेठीची गोष्ट काढतों.

ठाणें जिल्ह्यांतल्या वारल्यांची जमीन सावकाराच्या घशांत गेली. त्याच जमिनीचा खंड भरायचा आणि वर फुकट वेठ. लग्नापुरतें कर्ज काढलें कीं नवराबायको ‘लग्नगडी’ होऊन वर्षानुवर्षें राबत.

1937 सालीं शामराव परुळेकर डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या कायदेमंडळांत निवडून आले. खोतीविरुद्ध लढले. पुढें ते व गोदावरीबाई किसान सभेचें काम घेऊन वारल्यांत आले. 23 मे 1945 रोजीं झरी गांवीं हजारों वारली जमले व ठरलें : वेठ बंद, रोज बारा आणे. त्याच ऑक्टोबरांत तलवाड्यास गोळीबार झाला, पांच जण पडले. तरी त्यांनीं संप करून पांचशें रत्तल गवतकापणीला अडीच रुपये मिळविले.

कोणी म्हणेल, गोदावरीबाई तर पुण्याच्या गोखल्यांची लेक ! खरें आहे. पण परक्या जातीच्या सावकाराला शिव्या देणें सोपें. आपल्याच जातीच्या सावकाराला सावकार म्हणणें कठीण. कष्टकऱ्याच्या बाजूला उभा राहील तो आपला. आणि बाईंनीं धीर दिला, पण वेठ मोडली ती वारल्यांनींच. जर्मनींतहि ‘हॉयरलिंग’ कुळें घर व तुकडाभर जमिनीपायीं शेतमालकाच्या हांकेसरशी राबत. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनींहि आपले संघ काढले.

1948 सालीं कूळकायदा आला, 1 एप्रिल 1957 ला कूळ मालक ठरलें. पण ज्याचें नांव दप्तरीं नव्हतें, त्याच्या हातीं काय आलें ? 1976 च्या कायद्यानें तर उचलीपायीं माणूस जखडून ठेवणें गुन्हा आहे. तसलें कर्जहि रद्द होतें. मग भट्टीवाला हिशोब न देतां अडवितो, तेव्हां आपण मान खाली कां घालतों ?

उचल घ्याल तर आंकडा लिहून घ्या. कोऱ्या कागदावर अंगठा देऊं नका. अडवणूक झाली तर प्रांताकडे, जिल्हाधिकाऱ्याकडे जा. पण एकटे जाऊं नका, सारा पाडा जा. झरीला माणसें एकटीं आलीं असतीं तर वेठ आजहि असती.