गुदाशयाचा कर्करोग : उपचारानंतरची रक्ततपासणी



गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, बरे वाटू लागले, की आपण दवाखान्याकडे पाठ फिरवतो. खाडा पडला तर मजुरी बुडते, हेही खरेच. पण रोग उलटतो तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत. त्याची चाहूल पुष्कळदा रक्तातील सीईए या द्रव्यावरून लागते. गोल्ड व फ्रीडमन यांनी ते १९६५ साली माँट्रियलमध्ये शोधले. दर मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅमपर्यंत ते सर्वसाधारण समजतात. विडी ओढणाऱ्यांत रोगाविनाही वाढते! तेव्हा एका आकड्याने आपण घाबरू नये, तपासणी पुन्हा करावी. आकडा चढतच गेला तर डॉक्टर सीटी स्कॅन सांगतात. कधी आकडा ठीक असूनही रोग उलटतो, म्हणून ठरलेला स्कॅनही चुकवू नये. पहिली दोन वर्षे दर ३ ते ६ महिन्यांनी, पुढे पाचव्या वर्षापर्यंत सहामाही रक्त तपासावे. जुने रिपोर्ट सोबत न्यावेत. नवा आकडा त्यांच्याशीच ताडून पाहतात.