रात्रीच्या कार्यक्रमाला जायचं कोणी?

(कर्जत-खालापूर भागातल्या महिला मंडळांच्या शिबिरात ठाकुरवाडी इथे केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



सकाळपासून आपण रेशन, वनहक्काचे दावे आणि दारूचे गुत्ते यांवर बोललो. आता जेवण झाल्यावर मला विषय दिलाय 'बाई आणि करमणूक'. फळ्यावर तो लिहिल्यावर मागच्या रांगेतल्या तिघीचौघी हसल्या. हसण्यासारखाच आहे म्हणा. करमणूक म्हणजे आपल्या लेखी ताटातलं लोणचं. असलं तर असलं, नसलं म्हणून कोणी ताटावरून उठत नाही.

पण याच भागातल्या एका मंडळात मागच्या महिन्यात या लोणच्यावरून चांगलंच भांडण झालं. कॉलेजात जाणाऱ्या काही मुलींना नवी मुंबईत एक रॉकचा कार्यक्रम पाहायला जायचं होतं. तिकिटाचे पैसे त्यांनी स्वतः साठवलेले. शनिवार-रविवार फार्महाउसवर भांडी घासून, चादरी धुऊन. घरच्यांनी नाही म्हटलं, त्याचं कोणाला नवल वाटलं नाही. पण मंडळानेही नाही म्हटलं. 'काही झालं तर जबाबदारी कोणाची?' असं विचारलं गेलं. मुली म्हणाल्या, मोर्चाला आम्हाला रात्रीच्या गाडीने मुंबईला नेता, तेव्हा जबाबदारी कोणाची असते? यावर कोणाकडे उत्तर नव्हतं, म्हणून आज मला उभं केलंय. मी तरुणपणी असल्या कार्यक्रमांना जात होते हे कोणीतरी फोडलेलं दिसतंय.

आधी रॉक म्हणजे काय ते सांगते, कारण इथल्या आज्या-मावश्यांना वाटेल हे काहीतरी साहेबांचं आहे. तुमच्या हळदीला बँजो पार्टी येते ना? तो वाजवणारा कळा दाबत तारा छेडतो, शेजारी ड्रम, मागे एवढाले स्पीकर, आणि आवाज असा की डोंगरापलीकडच्या वाडीला कळावं कोणाकडे लग्न आहे. रॉक त्याचीच चुलत बहीण. बँजोच्या जागी विजेवरची गिटार, आणखी एक जाड आवाजाची गिटार, ड्रम आणि एक गाणारा. गंमत म्हणजे आपला बँजो हा बँजोच नव्हे, तो बुलबुल तरंग. मूळ वाद्य जपानचं, १९१२ साली तिथे तयार झालं आणि फिरत फिरत आपल्या हळदीत आलं. तेव्हा 'हे बाहेरचं, ते आपलं' असं फार ठासून सांगू नये.

आणि रॉक साहेबांचं, असंही नाही. ते उभं राहिलं अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यावर. सिस्टर रोझेटा थार्प नावाची एक काळी बाई १९३० आणि ४० च्या दशकात देवाची गाणी विजेच्या गिटारवर वाजवत होती. पुढे जे गोरे पुरुष राजे म्हणून मिरवले, त्यांच्या कितीतरी आधी. रॉकच्या मानकऱ्यांच्या यादीत तिचं नाव घातलं गेलं २०१८ साली. ती वारली होती १९७३ मध्ये. आपल्याकडे लावणीवाल्या बायकांचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, मी जास्त बोलत नाही.

मुंबईत धोबीतलावला, सेंट झेवियर्स कॉलेजला लागून रंगभवन नावाचं उघडं नाट्यगृह होतं. १९८६ पासून तिथे दरवर्षी स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास 'इंडिपेंडन्स रॉक' व्हायचं. देशभरातले बँड एकामागून एक वाजवायचे. मी कर्जतहून जायचे. कर्जत ते व्हीटी शंभर किलोमीटर, लोकलने दोन तासांहून जास्त. घरी काय सांगून जायचे ते विचारू नका, इथे माझ्या भाच्या बसल्या आहेत. (हशा) रंगभवन व्हीटीपासून चालत दहा-बारा मिनिटांवर. मला ते जमलं ते या एका कारणाने. रिक्षा-टॅक्सी करावी लागली असती, तर पैशापायीच राहून गेलं असतं. बाईच्या मोकळिकीची किती तरी गोष्ट अशी असते. स्टेशनापासून चालत किती, रस्त्यावर दिवा आहे का, शेवटची गाडी कितीची.

ऑगस्टचा महिना, वरून पाऊस, डोक्यावर छप्पर नाही. पोरं काळे टी-शर्ट घालून, केस वाढवून. मुली शोधाव्या लागत. आम्ही दोघीच असायचो, मी आणि माझी एक मैत्रीण. रॉक मशीन नावाचा बँड आमचा लाडका. १९९३ साली त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं, ते आम्हाला मुळीच आवडलं नव्हतं. मी मराठी शाळेतली. गाण्यातले अर्धे शब्द कळत नव्हते. पण ड्रम सुरू झाला की तो कानात नाही, छातीत वाजतो. बरगड्या थरथरतात. आणि एक गोष्ट मला आयुष्यात पहिल्यांदा तिथे जाणवली. एवढी माणसं भोवती, पण माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. सगळे मंचाकडे बघत होते. मी भिजले होते, केस चेहऱ्यावर आले होते, बेंबीच्या देठापासून ओरडत होते, आणि त्याचं कोणाला काही नव्हतं. एरवी बाईला मोठ्यानं ओरडायला कुठे मिळतं सांगा. बाळंतपणात, मयतात आणि मोर्चात. नुसतं मजा येतेय म्हणून ओरडणं मला तोवर माहीतच नव्हतं.

परतीच्या गाडीत बायकांच्या डब्यात मोजक्या बायका. कोणी रात्रपाळीच्या नर्स, कोणी मासळी विकून निघालेल्या, टोपल्यांवर मान टाकून झोपलेल्या. 'कुठून आलात गं एवढ्या उशिरा?' एकीने विचारलं. 'गाणं ऐकायला गेलो होतो.' ती म्हणाली, 'बरं केलंत,' आणि पुन्हा झोपली. त्या 'बरं केलंत'चं मोल मला अजून वाटतं.

म्हणजे सगळं गोडच होतं असं नाही. दुसरीकडे एकदा, एका मैदानावरच्या कार्यक्रमात, गर्दी पुढे रेटली गेली आणि चारी बाजूंनी हात आले. कोणाचे ते कळायला जागा नव्हती. मी कोपरं मारत बाहेर आले. पुढचं गाणं आमचं आवडतं होतं, ते मी फाटकाबाहेर उभी राहून ऐकलं. ही गोष्ट तुमच्यापासून लपवून तुम्हाला 'जा' म्हणणं बरोबर नाही, म्हणून सांगितली. पण मला हेही सांगायचं आहे की असेच हात मला आठवडी बाजारात, एसटीत आणि जत्रेच्या पालखीतही लागलेले आहेत. बाजाराला जाऊ नकोस असं मात्र मला कोणी म्हटलं नाही. बाजार कामाचा ना. कामासाठी बाईने धोका पत्करला तर ती कष्टाळू. मजेसाठी पत्करला तर 'कशाला गेली होती तिथे?' आपल्या मंडळांतही नेमका हाच हिशेब चालतो, मुलींचं म्हणणं तेच होतं.

हा प्रश्न फक्त आपल्या वाडीचा नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मुलींचे काही बँड निघाले. त्यातल्या बिकिनी किल या बँडची गायिका कॅथलीन हॅना कार्यक्रमात पुरुषांना मागे सरायला आणि मुलींना मंचाजवळ यायला सांगायची. मंचाजवळची जागा म्हणजे धक्काबुक्कीची, म्हणून मुली कायम मागे भिंतीला. तिने ती रांगच उलटी केली. पुष्कळ पुरुष चिडले. स्वीडन तर आपण पुढारलेला देश मानतो. तिथे ब्रावाला नावाच्या मोठ्या संगीत महोत्सवात २०१७ साली बलात्काराच्या आणि विनयभंगाच्या तक्रारी झाल्या, आणि पुढच्या वर्षीचा महोत्सव आयोजकांनी रद्द केला. मग २०१८ मध्ये गोथेनबर्गला बायकांनी पुरुषांना प्रवेश नसलेला महोत्सव भरवला. तो भेदभावाच्या कायद्यात बसत नाही असा ठपका तिथल्या समानता अधिकाऱ्यांनी नंतर ठेवला. कोणाला तुरुंगात टाकलं नाही, दंडही केला नाही, पण ठपका तो ठपका. मला त्यांचं म्हणणं समजतं, पण आधीच्या वर्षी ज्या मुली आनंद सोडून पोलीस चौकीत बसल्या होत्या, त्यांच्याशी झाला तो भेदभाव कोणत्या कलमात बसवायचा?

आपल्याकडे लावणीचे 'खास महिलांसाठी' प्रयोग होतात. तुमच्यापैकी कोणी पाहिले असतील. ज्या फडात बाईने प्रेक्षक म्हणून पाऊल टाकायचं नाही अशी रीत, तिथे बायका शिट्ट्या मारतात, उठून नाचतात. मला ते फार आवडतं. तरी कायमचं उत्तर म्हणून मी ते घेत नाही. एक दिवस आपला आणि तीनशे चौसष्ट दिवस त्यांचे, हा सौदा तोट्याचा आहे.

काश्मीरचंही सांगते. श्रीनगरच्या दहावीत शिकणाऱ्या तीन मुलींचा 'प्रगाश' नावाचा बँड होता. डिसेंबर २०१२ मध्ये त्यांनी एका स्पर्धेत वाजवलं. महिना-दीड महिन्यात इंटरनेटवरून शिव्या, धमक्या, मग तिथल्या मुफ्तींनी त्यांचं गाणं-वाजवणं धर्माविरुद्ध ठरवलं. मुलींनी वाजवणं बंद केलं. इतक्या लहान मुली, एकच संध्याकाळ.

उलट बाजूची एक गोष्ट. मार्च १९८० मध्ये 'द पोलिस' हा इंग्लंडचा नावाजलेला बँड मुंबईत रंगभवनला वाजवून गेला. तो कार्यक्रम भरवणारा होता टाइम अँड टॅलंट्स क्लब, म्हणजे बायकांची संस्था. सधन घरातल्या बायका, धर्मादाय कामासाठी पैसा उभा करणाऱ्या. तुमच्या-माझ्यात आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, ते मी पुसत नाही. पण रॉकचा कार्यक्रम ठरवणं, परवानग्या काढणं, तिकिटं खपवणं हे बायकांनी केलं होतं एवढं लक्षात ठेवा. रंगभवन पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात अडकून बंद पडलं, शेजारी रुग्णालयं आणि कॉलेज असल्यामुळे. रुग्णांना झोप हवीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चालत जाण्याजोगी, स्टेशनाजवळची जागा गेली, आणि मग हे कार्यक्रम दूरच्या मैदानांवर आणि महागड्या हॉटेलांत गेले. गाडी असेल त्याने यावं.

सरकारला करमणुकीचं वावडं आहे असंही समजू नका. १ नोव्हेंबर १९९६ ला मायकल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडा संकुलात नाचून गेला, त्या कार्यक्रमाचा करमणूक कर सरकारने माफ केला. मुंबई ग्राहक पंचायत त्याविरुद्ध कोर्टात गेली, प्रकरण वर्षानुवर्षं चाललं, आणि २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती माफी पुन्हा मंजूर केली. पाव शतक एका संध्याकाळच्या करावर चर्चा झाली. आपण कर्जतहून वाड्यांकडे रात्रीची एक एसटी मागतो, त्याचं काय होतं ते तुम्ही मला सांगा.

आता इथलं. तुमच्या वाड्यांभोवती फार्महाउस आणि रिसॉर्ट उभे राहिले. शनिवारी रात्री तिकडे स्पीकर लागतात. तो आवाज तुमच्या घरात येतो, लेकरं झोपत नाहीत. कायद्याने रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. वर्षातले ठरावीक दिवसच सरकार बारापर्यंत सूट देतं. तो नियम हळदीच्या बँजोला लावायला पोलीस येतात, फार्महाउसकडे वळत नाहीत, असं इथल्या बायका सांगतात. पण मला दुसरंच दिसतं. त्या संगीताच्या जागी वाडीतल्या बायका हजर असतात, पण स्वयंपाकघरात. कार्यक्रम संपतो एक वाजता, मग ताटं, ग्लास, ओकाऱ्या पुसणं. अडीच वाजता सुटलेली बाई अंधारातून, पायवाटेने, मोबाइलच्या उजेडात घरी येते. तेव्हा 'काही झालं तर जबाबदारी कोणाची' हे कोणी विचारत नाही. ना घरचे, ना मालक, ना मंडळ.

जबाबदारी कोणाची ते कायद्यात लिहिलेलं आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला ठेवता येत नाही. संमती असली तरी तिच्या सुरक्षिततेची आणि घरी पोहोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची. अगदी लहान आस्थापनांना हा कायदा पूर्ण लागू होत नाही, मोठ्या रिसॉर्टला होतो. कोणी अंगाला हात लावला, मग तो मालक असो, मुकादम असो की पाहुणा, तर २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करायची, आणि ती स्वीकारायला तालुक्यात एक अधिकारी नेमलेला असला पाहिजे. तो कोण आहे हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? हात वर करा. ... एकही नाही. मग हे पहिलं काम.

दुसरं काम त्या मुलींचं. तो कार्यक्रम तर होऊन गेला, तिकिटं वाया गेली. पुढचा पाहून ठेवायला मी त्यांना सांगितलंय. दोन इको गाड्या ठरवायच्या, येण्याजाण्याच्या. ड्रायव्हर ओळखीचा. दोघी मोठ्या बायका बरोबर. राखणदार म्हणून नको, त्यांनीही ऐकावं म्हणून. शौचालय कुठे आहे ते आत गेल्या गेल्या बघून ठेवायचं. दुपारपासून पाणी न पिता राहायचं आणि मग डोकं दुखतं म्हणून कार्यक्रम अर्धा टाकायचा, हे मी फार वेळा केलंय. गर्दीत एकमेकींचा हात सोडायचा नाही, भेटायची एक जागा आधी ठरवायची. आयोजकांना आधी फोन करून विचारायचं की बायकांसाठी मदतकक्ष आहे का, स्त्री सुरक्षारक्षक किती. चार मंडळांनी विचारलं की ते पुढच्या वेळी ठेवतात. आयांना गाडीच्या ड्रायव्हरचा नंबर देऊन ठेवायचा. आई जागी राहणारच, तिला निदान कोणाला फोन करायचा ते माहीत असावं.

मागच्या मावशी विचारतायत, आम्हाला घ्याल का? घेऊ की. कानात घालायला थोडा कापूस आणा. आणि ज्या ताई फार्महाउसवर रात्री काम करतात, त्यांनी चहानंतर इथेच थांबा. कोण कुठे कामाला आहे, किती वाजता सुटते, आणि घरी कशी येते, एवढं आज वहीत लिहून घ्यायचं आहे.