बांधावरचा वाद, दाद कुठे?

शेजाऱ्यानं वहिवाटीच्या रस्त्यावर काटे टाकून बैलगाडी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 नुसार तहसीलदाराकडे दावा करता येतो. मात्र अडथळा आल्यापासून 6 महिन्यांच्या आत. त्या निकालावर अपील नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षण मागता येतं. मंडळ अधिकाऱ्यानं मंजूर केलेला फेरफार मान्य नसेल, तर प्रांताधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील करायचं. पण जमीन मुळात कुणाची, हे ठरवणार दिवाणी न्यायालयच, तेही जमीन ज्याच्या हद्दीत आहे ते. सातबाऱ्यावर नाव लागलं की मालकी सिद्ध झाली, हा समज फार महागात पडतो. दिवाणी न्यायाधीशाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत 30 दिवस. नक्कल मिळेपर्यंतचा काळ त्यातून वगळतात. म्हणून निकाल लागताच नकलेचा अर्ज द्या, पोच जपून ठेवा.