शिरस्त्राण आणि डोकं



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी जरा भीतभीतच सांगितलं, ‘जर्मन सैनिकांच्या लोखंडी टोप्या.’ फोनवर थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, ‘डॉक्टर, आम्हाला वाटलं तुम्ही होमिओपॅथीवर बोलाल.’ काळजी नसावी, होमिओपॅथीही वाटेत येणार आहे.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आठवड्यातून दोन दिवस जांबोटीला दवाखाना चालवायचो. जवळच्या एका खेड्यात एका आज्जींना तपासायला गेलो होतो. दम्याचा त्रास होता. अंगणात कोंबड्या एका वाडग्यातून पाणी पीत होत्या. वाडगं अर्धंच भरलेलं, कारण त्याच्या दोन बाजूंना भोकं होती. मी नाडी सोडली आणि वाडग्याकडे धावलो, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. ते जर्मन सैनिकाचं शिरस्त्राण होतं. आज्जींचे यजमान मराठा पलटणीतून इटलीत लढून आले होते. त्यांच्या ट्रंकेतून ते इथवर आलं होतं.

तोवर मला हा नाद लागून काही वर्षं झाली होती. त्याचं कारण एक डॉक्टरच. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला जर्मन सैनिक डोक्यावर कडक कातड्याची, वर धातूचं टोक असलेली टोपी घालत. खंदकांच्या लढाईत तिचा काही उपयोग होईना. ऑगस्ट बीअर नावाच्या शल्यविशारदाच्या लक्षात आलं, की डोक्याच्या कित्येक भयंकर जखमा तोफगोळ्याच्या अगदी बारीक तुकड्यांनी होतात आणि पोलादाचा पातळ पत्राही त्या तुकड्यांना अडवू शकेल. हॅनोव्हरच्या तंत्रशिक्षण संस्थेतल्या फ्रिडरिश श्वेर्ड यांनी मग कान आणि मान झाकणारी पोलादी टोपी तयार केली. १९१६ मध्ये व्हर्दनच्या लढाईत ती सैनिकांच्या डोक्यावर चढली. पुढच्या वर्षी ऑस्ट्रिया-हंगेरीनं जवळपास तोच नमुना उचलला. फक्त हनुवटीखालचा पट्टा कातड्याऐवजी कापडी केला.

आता याच बीअरनी १९२५ मध्ये ‘होमिओपॅथीबद्दल आपण काय भूमिका घ्यावी’ या विषयावर लेख लिहिला आणि जर्मन वैद्यकविश्वात मोठा वाद उसळला. मी त्यांना ओळखत होतो ते त्या लेखामुळे. आमच्या शास्त्राकडे मोकळ्या मनानं पाहणारा हा माणूस शिरस्त्राणाच्याही मुळाशी आहे, हे कळलं आणि मी अडकलो. मुंबईत, पुण्यात जुन्या वस्तूंच्या दुकानांत फिरू लागलो. दोन शिरस्त्राणं मिळाली, पाण्याची एक बाटली, जेवणाचा एक डबा, पट्ट्याचं एक बक्कल. बक्कलावर ‘देव आमच्यासोबत आहे’ अशा अर्थाचे जर्मन शब्द. शत्रूही देवाचं नाव घेऊनच लढायला येतो, हे मी त्या बक्कलावरून शिकलो.

परत आज्जींच्या अंगणात जाऊ. मी पाणी ओतून दिलं, टोपी उलटीपालटी करून पाहिली. काठ आतल्या बाजूला वळवलेला, हवेची भोकं पत्र्यातच ठोकून काढलेली. म्हणजे हा १९४० चा नमुना. १९३५ च्या टोपीत भोकांना वेगळी कडी बसवत. १९४२ पासून काठ वळवणंही सोडून दिलं, कारण पोलाद आणि मजुरी दोन्ही वाचवायची होती. लढाई कुठल्या बाजूला झुकली आहे, हे टोपीच्या काठावर बोट फिरवून कळतं. आत ‘ई टी’ अशी अक्षरं आणि ६४ हा आकडा ठोकलेला होता. ‘ई टी’ म्हणजे थाले गावचा पोलाद कारखाना. ६४ म्हणजे पत्र्याचं माप. त्यात ५६-५७ सेंटिमीटर घेराचं डोकं बसतं. कातडी अस्तर केव्हाच गेलेलं.

मी हे सगळं उत्साहानं आज्जींना सांगितलं. थालेचा तो कारखाना मुळात एनॅमलची भांडीकुंडी बनवणारा म्हणून नावाजलेला होता, हेही सांगितलं. युद्ध संपल्यावर जर्मनीत भांड्यांची टंचाई पडली, तेव्हा लोकांनी उरलेल्या शिरस्त्राणांच्या चाळण्या आणि पातेली केली, हेही सांगितलं. आज्जींना त्यात नवल वाटलं नाही. ‘चांगलंच हाय की भांडं. गंजत न्हाई, फुटत न्हाई, कोंबड्यास्नी उलथत न्हाई.’

मग मी पाचशे रुपये पुढे केले. तेव्हा ती रक्कम लहान नव्हती.

आज्जींनी पैशांकडे पाहिलं नाही. म्हणाल्या, ‘एवढं सगळं सांगिटलंस. ह्यात डोस्कं कुणाचं होतं, ते सांग की.’

मला उत्तर देता आलं नाही. घेर सांगता आला होता, माणूस नाही. मग मी पुन्हा आत पाहिलं. मानेवर येणाऱ्या भागात, पाण्याच्या पांढऱ्या थराखाली, रंगानं लिहिलेली दोन-तीन अक्षरं पुसट दिसत होती. जर्मन सैनिक पुष्कळदा तिथं आपलं नाव लिहीत. कारखान्याचा शिक्का मी पहिल्या मिनिटात वाचला होता आणि नावाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. नोटा परत खिशात घातल्या. कोंबड्यांचं वाडगं भरून दिलं आणि आज्जींचं औषध लिहून निघालो. आजही मला त्या नोटांची लाज वाटते.

मी जैन आहे. माझ्या घरात ही हत्यारी माणसांची आयुधं कशाला, हा प्रश्न मला आप्तांनी अनेकदा विचारला आहे. त्यातल्या हिंसेबद्दल मी एक उत्तर देत असे. आपल्या परंपरेनं गृहस्थाला संरक्षणासाठी नाइलाजानं घडणारी विरोधी हिंसा वेगळी मानली आहे. बेळगावची कमल बस्ती पाहा. १२०४ सालचं ते जिनमंदिर रट्ट राजांच्या काळात उभं राहिलं, तेही किल्ल्याच्या आत. अहिंसेचं मंदिर तटबंदीच्या आड बसलं आहे आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही.

पण आज्जींच्या प्रश्नानंतर कळलं, की माझी अडचण हिंसेची नव्हती, परिग्रहाची होती. तत्त्वार्थसूत्र परिग्रह मोजतं तो वस्तूंच्या संख्येनं नाही, आसक्तीनं. मी कुणाचं तरी मरण मापाच्या आकड्यावर आणि काठाच्या वळणावर मोजत होतो. आणखी एक गोष्ट. काही टोप्यांवर गरुडाच्या पंजात स्वस्तिक असतं. आमच्या घरी पूजेच्या पाटावर तांदळाचं स्वस्तिक रोज काढलं जातं. चार गती, वर तीन ठिपके आणि सिद्धशिलेची कोर. तेच चिन्ह तिरकं करून लाखो निरपराधांच्या मृत्यूवर उमटवलं गेलं. बाजारात नेमक्या त्याच टोप्यांना भाव जास्त, म्हणून साध्या टोपीवर खोटी चिन्हं चिकटवणारेही आहेत. अशी एक फसवणूक मीही पदरात घेतली आहे. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात ही चिन्हं मिरवणं गुन्हा आहे. आपल्याकडे ती दिवाणखान्यात टांगणारे तरुण मी पाहिले आहेत. त्यांना मी एवढंच विचारतो, ‘डोकं कुणाचं?’

समोर आपली डोकी होती. दुसऱ्या महायुद्धात इटलीत पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले आणि पावणेसहा हजारांच्या आसपास मारले गेले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तायबरच्या वरच्या खोऱ्यात एकट्यानं मशीनगनवर चालून गेले आणि तिथंच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. संगमनेरकडचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर आधी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप पोचवलं, मग परत जाऊन शत्रूची मशीनगनची ठाणी गप्प केली. डॉक्टर म्हणून मला त्यांच्या शौर्यातला पहिला भाग जास्त मोठा वाटतो. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावानं घाडग्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं त्याचं बोधवाक्य आहे. फुटा खिंडीच्या दफनभूमीत तीस हजारांहून अधिक जर्मन विसावले आहेत. फोर्लीला भारतीय सैनिकांची दफनभूमी आणि दहन झालेल्यांचं स्मारक आहे. त्या जांबोटीकडच्या वाडग्याचा पहिला मालक यांपैकी कुठं आहे की घरी परतला, ते मला कळलेलं नाही.

श्रावकानं परिग्रहाला मर्यादा घालून घ्यावी, असं आमचं एक व्रत आहे. मी ती घातली. दोन शिरस्त्राणं, एक डबा, एक बाटली, एक बक्कल. त्यापुढे वस्तू विकत घ्यायची नाही. नोंदींना मात्र मर्यादा नाही. वहीत मी वस्तूचं माप लिहितो, शिक्का लिहितो, आणि त्याआधी ती कुणी आणली, कुठून आणली, घरात तिचं काय झालं, ते लिहितो. पहिलं पान आज्जींचं आहे.

वाचकहो, बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र शंभर वर्षांहून अधिक काळ आहे. खानापूर, बेळगाव, चंदगड, निपाणी या पट्ट्यात पलटणीत गेलेला माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. तुमच्या माळ्यावरही एखादी काळी ट्रंक असेल. तिच्यात पदक असेल, पगाराचं पुस्तक असेल, परदेशातून आलेलं पोस्टकार्ड असेल. पदक भंगारात किंवा सराफाकडे देऊ नका. त्याच्या कडेवर बहुधा तुमच्या आजोबांचा क्रमांक आणि नाव कोरलेलं असतं. एखादी वस्तू शत्रूची असेल तर ती घासून चकचकीत करू नका, पुसट अक्षरं त्यातच जातात. आणि घरातलं सर्वांत वयस्कर माणूस बोलतं आहे तोवर त्याच्याशेजारी बसून लिहून घ्या.

आज्जी जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या नातवाला मध्यंतरी विचारलं, वाडगं आहे का? तो म्हणाला, ‘हाय की. आता कोंबड्या न्हाईत, मांजराला दूध घालतोय.’ पुढच्या खेपेला मी पाण्याचा मऊ फडका घेऊन जाणार आहे. तो थर हळूहळू सुटला तर ती दोन-तीन अक्षरं वाचता येतील. वाचता आली, तर त्या नातवाला आधी सांगेन.